प्लास्टरच्या आधी ठरवायच्या गोष्टी: नव्या घरात टीव्ही आणि इंटरनेट

जळगाव, धुळे, शहादा, चोपडा, अमळनेर यांपैकी कोणत्याही गावाच्या वेशीबाहेर पडले, की बिनशेती झालेल्या भूखंडांवर नवी घरे उभी राहताना दिसतात. घर बांधणारा माणूस विटांचा आणि सळईचा भाव, फरशीचा रंग, देवघराची दिशा यांवर महिनोन्महिने विचार करतो, आणि तो करायलाच हवा. टीव्ही आणि इंटरनेट यांची आठवण मात्र त्याला वास्तुशांतीनंतर होते. तोपर्यंत भिंतींना रंग लागलेला असतो, आणि जोडणीसाठी आलेला मुलगा सर्वांत जवळची खिडकी पाहून तिच्या बाजूला भोक पाडतो.

आमच्या घराचे असेच झाले. बांधकाम चालू असताना वायरमन म्हणाला होता, "भाऊ, लाइटचे पॉइंट सांगा, बाकीचं नंतर बघू." आम्ही ते मान्य केले, आखाजीचा मुहूर्त धरून राहायला आलो आणि आठवड्याभराने फायबरची जोडणी घेतली. बैठकीच्या खिडकीजवळ पाडलेले भोक बाहेरून आत उतरते होते. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी तारेवरून ओघळत आत आले आणि नव्या रंगावर हातभर ओल धरली. भोक नेहमी आतून बाहेर उतरते असावे आणि तार त्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाते, हे मला त्यानंतर कळले. तार शेवटी येत असली, तरी तिची वाट प्लास्टरच्या आधी ठरलेली असली पाहिजे, हेही तेव्हाच कळले. हा लेख त्या वाटेविषयी आहे.

आपल्या दारापर्यंत काय पोहोचते

कोणती कंपनी चांगली, असा प्रश्न लोक आधी विचारतात. पण त्याआधी आपल्या गल्लीपर्यंत नेमके काय आले आहे, हे पाहावे लागते. शेजारच्या वापरात असलेल्या घरांत चौकशी करावी, जवळच्या खांबांवरून कोणत्या तारा गेल्या आहेत ते पाहावे आणि गावातल्या केबलचालकाला प्लॉटवर बोलावून जागा दाखवावी. लहान गावांत अनेकदा केबलचालकच एखाद्या मोठ्या कंपनीचा भागीदार म्हणून इंटरनेटही देतो, त्यामुळे त्याच्या एका भेटीत दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात.

फायबर म्हणजे केसाइतका बारीक काचेचा तंतू. त्यातून विजेऐवजी प्रकाश जातो. कंपनीच्या केंद्रातून निघालेल्या एका तंतूतला प्रकाश वाटेत एका छोट्या पेटीत विभागून ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो, आणि या विभागणीला वीज लागत नाही. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्या भागात ही गोष्ट फार मोलाची आहे. गावाची वीज गेली तरी तंतू चालूच असतो. घरातल्या फायबरच्या डब्याला आणि केंद्रातल्या यंत्राला वीज मिळत राहिली, की इंटरनेट खंडित होत नाही. म्हणून केबलचालकाला दराबरोबरच त्याच्या केंद्रातले यंत्र बॅटरीवर किती तास चालते हेही विचारावे. जुन्या पद्धतीच्या तांब्याच्या जाड केबलमध्ये प्रवाहाचा जोर कमी होत जातो, तो वाढवणारी यंत्रे मधूनमधून खांबांवर बसवलेली असतात आणि त्यांना वीज लागते. त्यामुळे दुसऱ्या गल्लीची वीज गेली, की आपल्या घरात वीज असूनही टीव्ही बंद पडतो. हा अनुभव अनेकांनी घेतला असेल, पण त्याचे कारण सहसा कोणी सांगत नाही.

खेड्यांपर्यंत फायबर नेण्यासाठी केंद्र सरकारने २०११ मध्ये एक योजना मंजूर केली, ती पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचा मूळ हेतू ग्रामपंचायतीपर्यंत फायबर पोहोचवण्याचा होता. पंचायतीच्या कार्यालयात फायबर आले म्हणजे ते प्रत्येक घरात आपोआप येते असे नाही. तिथून पुढची तार कोणीतरी टाकावी लागते, आणि ते काम बहुधा स्थानिक भागीदारामार्फत होते. गावात ही सोय आहे का, हे ग्रामपंचायतीत आणि बीएसएनएलच्या जवळच्या कार्यालयात विचारता येते.

जिथे तार नाही, तिथे ५जी मनोऱ्यावरून बिनतारी जोडणी मिळू शकते. तिच्या सेवा २०२३ पासून सुरू झाल्या. गच्चीवर एक छोटे यंत्र मनोऱ्याच्या दिशेने बसवतात आणि तिथून तार घरातल्या राउटरपर्यंत आणतात. म्हणजे नाव बिनतारी असले, तरी गच्चीपासून खोलीपर्यंत वाट लागतेच. शेतातल्या वस्तीवर ही सोय उपयोगी आहे, पण एकाच मनोऱ्यावर अनेकांचा भार असल्याने संध्याकाळी वेग उतरू शकतो. फायबर मिळत असेल तर ते घ्यावे आणि मिळत नसेल तरच हा मार्ग पाहावा, असे माझे मत आहे.

छत्रीला आग्नेयेचे आकाश हवे

टीव्हीसाठी छत्री बसवायची असेल, तर तिची जागा घराच्या नकाशातच ठरवता येते, कारण ती कुठे पाहणार आहे हे आधीपासून ठाऊक असते. ती ज्यांच्याकडे पाहते ते टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी ज्या वेळात पूर्ण होते, त्याच वेळात ते आपली फेरी पूर्ण करतात. त्यामुळे आपल्याला ते आकाशात एकाच जागी स्थिर दिसतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, म्हणून छत्री दक्षिणेकडे झुकते. शिवाय खानदेश साधारण ७४ ते ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि भारतातल्या टीव्ही सेवांचे उपग्रह साधारण ८३ ते १०८ अंशांच्या दरम्यान आहेत, म्हणून ती पूर्वेकडेही वळते. थोडक्यात, सेवा कोणतीही असो, छत्रीला दक्षिण आणि पूर्व यांच्या मधले, म्हणजे आग्नेयेच्या बाजूचे आकाश मोकळे हवे. उपग्रह क्षितिजापासून बरेच वर, सुमारे ४५ ते ६५ अंशांवर असतात. त्यामुळे धडगाव, अक्कलकुवा किंवा तोरणमाळच्या परिसरात सातपुड्याच्या डोंगरांमुळे मनोऱ्याची रेंज अडत असली, तरी छत्रीला उपग्रह बहुतेक ठिकाणी दिसतो. फक्त आग्नेयेला अगदी जवळ उभा कडा नसावा.

गच्चीवर जिन्याची खोली, पाण्याची टाकी आणि आता सौर पॅनेल हे सर्व जागा अडवतात. छत्रीच्या आग्नेयेला यांपैकी काहीही येऊ नये. शेजारच्या प्लॉटवर उद्या दुमजली घर झाले तर काय, आणि अंगणातला निंब दहा वर्षांनी किती उंच होईल, हाही विचार तिथेच करावा. छत्री नव्या अर्ध्या विटेच्या कठड्यावर बसवू नये. काँक्रीटचा खांब किंवा पक्का कठडा निवडावा. रावेर, यावलच्या पट्ट्यात मे-जूनच्या वादळात उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात, आणि छत्रीला तर दोन-तीन अंशांचा धक्कादेखील चित्र घालवायला पुरतो. स्लॅबला थेट भोके पाडून तळ पक्का करण्याची घाई बसवणारे करतात. त्या भोकांतून पुढे गळती होते. त्यापेक्षा गवंड्याकडून गच्चीवर काँक्रीटचा छोटा ओटा करून घ्यावा आणि त्यात बोल्ट बसवावेत.

मोठ्या पावसात काही मिनिटे चित्र जाणे हा बिघाड नसतो. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते आणि पावसाचे दाट थेंब त्यांना शोषतात व विखुरतात. सर ओसरली की चित्र परत येते. पाऊस थांबल्यावरही चित्र आले नाही, तर मात्र छत्री हलली आहे किंवा तारेच्या जोडात पाणी गेले आहे असे समजावे.

ज्यांना दरमहा पैसे भरायचे नाहीत, त्यांच्यासाठी प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा २००४ पासून आहे. छत्री आणि डबा एकदा विकत घेतला, की तिला मासिक शुल्क नाही. सह्याद्री आणि डीडी किसान या वाहिन्या तिच्यावर दिसतात. शेतातल्या घरासाठी, किंवा ज्या घरात फक्त बातम्या आणि दोन-चार वाहिन्या पाहिल्या जातात तिथे, मी आधी हिचाच विचार करायला सांगतो.

भिंतीतली वाट

आता मुख्य कामाकडे येऊ. विटांचे काम झाले, पण प्लास्टर व्हायचे आहे, हा काळ सर्वांत मोलाचा असतो. वायरमन विजेच्या पाइपांसाठी भिंतीला झिऱ्या मारतच असतो. त्याच वेळी इंटरनेट आणि टीव्हीचे पाइप टाकले, तर जादा खर्च पाइपाच्या किमतीइतका आणि थोड्या मजुरीइतकाच येतो. हेच काम रंगानंतर करायचे ठरले, तर झिरी, प्लास्टर आणि रंग यांचे पैसे पुन्हा द्यावे लागतात, शिवाय नव्या घरात धूळ उडते. स्लॅबमधून खाली-वर जायचे पाइप तर त्याहून आधी, स्लॅब भरण्यापूर्वी सळईच्या जाळीत बांधावे लागतात, म्हणून मिस्तरीला सेंट्रिंगच्या वेळीच आठवण द्यावी.

पाइप २५ मिलिमीटरचा घ्यावा. विजेच्या बारीक पाइपात फायबरचे टोक सहज शिरत नाही, आणि उद्या तार बदलायची झाली तर ती ओढता येत नाही. वळणावर काटकोनी एल्बो लावू नये, मोठ्या घेराचे वळण द्यावे. काचेचा तंतू तीव्र वळणावर मोडतो, किंवा मोडला नाही तरी प्रकाश तिथून गळतो आणि जोडणी अधूनमधून तुटते. अशा दोषाचा शोध घेणे फार कठीण जाते. प्रत्येक रिकाम्या पाइपात नायलॉनची एक दोरी टोकापासून टोकापर्यंत सोडून ठेवावी, म्हणजे पुढे तार तिला बांधून ओढता येते. पाइपाची दोन्ही टोके प्लास्टरच्या वेळी कापडाने बंद करावीत; सिमेंटचा गोळा आत गेला, तर तो पाइप कायमचा निकामी होतो.

विजेच्या आणि या पाइपांत निदान एक फुटाचे अंतर राखावे, आणि जिथे एकमेकांना ओलांडावे लागेल तिथे काटकोनात ओलांडावे. तांब्याच्या तारेतल्या संकेतांवर शेजारच्या विजेच्या तारेचा परिणाम होतो. फायबरवर तो होत नाही, पण फायबर असो की तांबे, विजेच्या तारेच्या पाइपात ते कधीही घालू नये. एखाद्या दिवशी विजेच्या तारेचे आवरण वितळले, तर राउटरला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

पाइपांचा मार्ग असा असावा. रस्त्याकडच्या बाजूला, छज्जाखाली पाऊस लागणार नाही अशा जागी, बाहेरची तार येऊन थांबेल. तिथून एक पाइप घराच्या मध्यावर असलेल्या एका पेटीपर्यंत यावा. या पेटीतून टीव्हीच्या भिंतीला, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीला, वरच्या मजल्याला आणि गच्चीला वेगवेगळे पाइप जावेत. गच्चीला एकाऐवजी दोन पाइप द्यावेत, कारण छत्रीखेरीज उद्या कॅमेऱ्याची किंवा सौर यंत्रणेची तार तिथूनच येणार आहे. फायबर पेटीपर्यंत येऊन थांबते. पुढच्या खोल्यांना साधी नेटवर्कची तार, म्हणजे कॅट-६, टाकावी. ती १०० मीटरपर्यंत एक जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक गिगाबिट, वेग पुरवते, आणि कोणतेही घर त्याच्या आतच बसते. छत्रीपासून टीव्हीपर्यंत आरजी-६ नावाची गोल जाड केबल लागते. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा स्वस्तात मिळतात. भिंतीच्या आत पुरायची तार मात्र शुद्ध तांब्याचीच घ्यावी.

टीव्हीच्या भिंतीसाठी आणखी एक सूचना करतो. टीव्ही भिंतीवर टांगणार असाल, तर त्याच्या मागून खालच्या कपाटापर्यंत दोन इंचांचा एक जाड उभा पाइप टाकावा, म्हणजे टीव्ही आणि डबा यांना जोडणारी रुंद टोकाची तार त्यातून जाते. तिथे विजेचे सॉकेट चार तरी असावेत. एका सॉकेटवर तीन प्लगांचा गुच्छ लावलेली नवी घरे मी खूप पाहिली आहेत.

घर रस्त्यापासून आत असेल आणि तार जमिनीखालून आणायची असेल, तर तापीकाठच्या काळ्या मातीचा स्वभाव लक्षात घ्यावा. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्या या हालचालीत कडक पाइपाचे जोड निखळतात. म्हणून काळा लवचिक एचडीपीई पाइप अखंड टाकावा, तो दोन फूट तरी खोल असावा, खाली-वर मुरूम किंवा वाळू घालावी आणि दोन्ही टोके पक्की बंद करावीत, नाहीतर त्यातून उंदीर आणि पाणी दोन्ही घरात येतात.

एक काम मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो: प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवावा, शेजारी मोजपट्टी धरून. पाइप कुठून गेला आहे हे सहा महिन्यांनी ना वायरमनला आठवते ना आपल्याला, आणि चित्र टांगण्यासाठी मारलेला खिळा नेमका त्याच्यातच जातो.

फ्लॅट घेणाऱ्यांना ही मोकळीक नसते. त्यांनी करार करण्यापूर्वी विकसकाला दोन प्रश्न विचारावेत: अशा तारांसाठी इमारतीत विजेपासून वेगळा उभा डक्ट, म्हणजे सर्व मजल्यांतून जाणारी मोकळी वाट, आहे का, आणि एकापेक्षा जास्त कंपन्यांना इमारतीत येता येते का. इमारतींना अशा सोयींनुसार मानांकन देण्याचे नियम ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये काढले आहेत. ते ऐच्छिक आहेत, पण त्यामुळे हा प्रश्न विचारणे आता गैर वाटायला नको.

राउटरची जागा, ऊन आणि इन्व्हर्टर

वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी, आणि त्यांना भिंती अडवतात. राउटर दोन पट्ट्यांवर काम करतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण तिचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण एक-दोन भिंतींतच थकते. नऊ इंची विटांची भिंत तिला बरीच कमजोर करते, सळईचा स्लॅब त्याहून जास्त. गावाकडच्या धाब्याच्या घरांतल्या दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतींपुढे तर ती जवळजवळ संपतेच. म्हणून जुन्या घराला जोडून नवी खोली काढणाऱ्यांनी तिथपर्यंत तार न्यावी, फक्त वायफायवर विसंबू नये. वरच्या मजल्यासाठीही हेच खरे आहे: खालचा राउटर कितीही महाग असला, तरी वर तार नेऊन तिथे दुसरा छोटा राउटर लावणे हा खात्रीचा उपाय आहे.

राउटर घराच्या मध्याजवळ, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर असावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रीज आणि पाण्याची टाकी हे सारे लहरी अडवतात किंवा परतवतात. बैठकीत डबा शोभत नाही म्हणून तो फर्निचरच्या बंद कप्प्यात ठेवण्याची पद्धत पडली आहे, आणि आपल्याकडे ती दुप्पट घातक आहे. बहुतेक घरगुती राउटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात जळगाव आणि भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद कप्प्यात, यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेसह, तो आणखी चढतो. दुपारी इंटरनेट मंदावते आणि रात्री सुधारते, अशी तक्रार उन्हाळ्यात अनेकदा ऐकू येते. अशा वेळी लाइन तपासण्याआधी डब्याला हात लावून पाहावे. पत्र्याच्या छपराखाली, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर किंवा गच्चीच्या जिन्यात राउटर कधीही ठेवू नये. मधली पेटी भिंतीत बसवणार असाल, तर तिचे झाकण जाळीचे करावे.

विजेच्या बाबतीत एक चूक जवळजवळ प्रत्येक नव्या घरात होते. वायरमन इन्व्हर्टरची लाइन दिवे आणि पंख्यांना देतो, पण राउटरच्या सॉकेटला देत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मग वीज गेली की पंखा फिरतो आणि इंटरनेट बंद पडते. राउटर जेमतेम १०-१५ वॅट वीज घेतो, म्हणजे एका एलईडी दिव्याएवढी. इन्व्हर्टरवर त्याचा भार काहीच नाही. इन्व्हर्टर नसेल, तर राउटरपुरती छोटी बॅटरी वेगळी मिळते आणि ती काही तास पुरते. घराचे अर्थिंग चांगले असावे, आणि वळवाचा पाऊस विजांसह येताना दिसला, की छत्रीची केबल टीव्हीच्या डब्यातून काढून ठेवावी.

कागदपत्रे

नव्या घराची जोडणी पुष्कळदा पत्त्याच्या पुराव्यावर अडते, कारण आधारवर जुना पत्ता असतो आणि महावितरणचे बिल अजून आपल्या नावावर आलेले नसते. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आज ओळखीसाठी ते कार्ड सगळीकडे चालते, पण नव्या पत्त्यासाठी वेगळा कागद लागतो. ग्रामपंचायत हद्दीत नमुना ८ चा उतारा किंवा घरपट्टीची पावती, शहरात मालमत्ता कराची पावती किंवा खरेदीखताची सूची क्रमांक २, हे कागद तयार ठेवावेत. कंपनी यांपैकी कोणता स्वीकारते हे आधी विचारावे, म्हणजे एक हेलपाटा वाचतो.

योजना आणि दर

जाहिरातीत वेग एमबीपीएसमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे मेगाबिट. आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. १०० एमबीपीएसची जोडणी असेल, तर एका सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतील, आणि यात फसवणूक नाही. उत्तम दर्जाच्या एका चित्रपटाला साधारण ५ एमबीपीएस आणि ४के चित्राला सुमारे २५ एमबीपीएस पुरतात. चार-पाच माणसांच्या घराला ४० ते ५० एमबीपीएस सहज पुरे होतात. त्यापुढचे पैसे घरातून मोठ्या फाइली पाठवण्याचे काम असेल तरच द्यावेत. सरकारच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, ही मर्यादा जानेवारी २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून वाढवली आहे. "अमर्याद" योजनांनाही मर्यादा असते. अनेक कंपन्यांची ती महिन्याला ३,३०० जीबी आहे आणि तिच्यानंतर वेग खूप उतरतो. लहान कंपन्यांची मर्यादा याहून कमी असू शकते. दरावर १८ टक्के जीएसटी धरावा, राउटरची अनामत परत मिळणार असेल तर पावतीवर तसे लिहून घ्यावे, आणि पूर्ण वर्षाचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वी निदान एक महिना सेवा वापरून पाहावी.

टीव्हीच्या बिलात दोन भाग असतात: जाळ्याचे शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे पैसे, आणि निवडलेल्या वाहिन्यांची किंमत. फेब्रुवारी २०१९ पासून ही पद्धत आली, तेव्हा १०० वाहिन्यांसाठी जाळ्याच्या शुल्काला १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. पुढे तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या देणे बंधनकारक झाले, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली. त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचे शुल्क वेगळे असू शकते आणि ते विचारावे लागते. वाहिन्या सुट्याही घेता येतात, हा हक्क कायम आहे. घरात खरोखर पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची यादी करून बिल काढले, तर कंपनीच्या तयार गठ्ठ्यापेक्षा ते पुष्कळदा कमी येते.

जोडणीच्या दिवशी

जोडणारा मुलगा येईल तेव्हा घरातल्या जाणत्या माणसाने थांबावे आणि त्याला भिंतींचे फोटो दाखवावेत. त्याला घाई असते. दिवसाला अनेक घरे करायची असतात, आणि रिकामा पाइप असताना तो वापरायचा कंटाळा करून तार फ्रेमवरून खिळ्यांनी ठोकली जाते. पाणी देऊन, शांतपणे, पण ठामपणे पाइपातूनच तार घ्यायला लावावी. फायबरच्या उघड्या टोकात कोणीही डोळा लावून पाहू नये, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

काम झाल्यावर त्याच्याजवळच्या छोट्या यंत्रावर प्रकाशाचा जोर किती येतो ते विचारावे. हा आकडा उणे असतो. तो साधारण उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान हवा. उणे २७ च्या पलीकडे असेल, तर कुठेतरी तीव्र वळण किंवा वाईट जोड आहे, आणि तो त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावा. वेग मोजताना लॅपटॉप तारेने जोडून मोजावा, कारण वायफायवर मोजलेला वेग लाइनचा नसून भिंतींचा असतो. राउटरवर आलेला कारखान्याचा पासवर्ड लगेच बदलावा. डब्यावर "लॉस" लिहिलेला लाल दिवा लागला, तर प्रकाश येणेच बंद झाले आहे, म्हणजे तार कुठेतरी तुटली आहे. अशा वेळी डबा पुन्हा पुन्हा बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवावी.

तक्रार तोंडी सांगू नये, आणि गावातल्या ओळखीच्या मुलाला फोन करून थांबू नये. कंपनीच्या तक्रार केंद्रात ती नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तिथे समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, पण ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारीही ग्राहक आयोग ऐकू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी जिल्हा आयोग आहेत, दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, आणि अर्जाला जोडायला लागते ती पावती, तक्रारीचा क्रमांक आणि तारखा.